अस्वानच्या दक्षिणेस

इजिप्त पाहून आलेल्या मनुष्याने पिरॅमिडांविषयी चार शब्द सांगावे अशी घरच्यादारच्या मंडळींची अपेक्षा असते, व ती रास्तच आहे. आम्हीही गीझा येथे गेलो. खुफूचा पिरॅमिड नीट न्याहाळावा म्हणून मान मागे टाकली तोच डोकीवरची टोपी पडली, आणि ती उचलून देणाऱ्या उंटवाल्याने उचलण्याची मजुरी मागून घेतली. परंतु पिरॅमिडांवर आजवर एवढे लिहिले गेले आहे की त्यात आमची भर म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या देशाच्या दक्षिण भागातील अस्वान गावाविषयी, आणि तेथे आमच्या एका जुन्या चुकीची जी ओळख पटली तिजविषयी.

चूक शाळेतली आहे. आमचा मूळ विषय संस्कृत. तथापि लहान गावच्या शाळेत मास्तराने काय शिकवावे हे त्याच्या विद्येपेक्षा वेळापत्रकच ठरवीत असते, आणि त्या न्यायाने कित्येक वर्षे इतिहासाचे तास आमच्याकडे होते. प्राचीन संस्कृतींचा धडा आला म्हणजे आम्ही फळ्यावर आफ्रिका खंडाचा नकाशा काढीत असू, उजव्या वरच्या कोपऱ्यातील इजिप्त खडूने गर्द भरीत असू, आणि ठाम स्वरात सांगत असू की हा देश नकाशात आफ्रिकेत दिसत असला तरी वस्तुतः तो त्या खंडाचा नव्हे. त्याची विद्या, त्याची कला, त्याचे राजे यांचा खालच्या मुलुखाशी काही एक संबंध नाही. खालचा सारा नकाशा कोरा राही. एकदा मागल्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, नदी तर खालून येते. मग माणसे तेवढी वरूनच कशी आली?" वर्ग हसला, आम्हीही हसलो, व पुढील परिच्छेदास लागलो. त्या मुलाचे नाव आज आठवत नाही. प्रश्न मात्र गेल्या हिवाळ्यात अस्वानच्या नदीकाठी उभे असता लख्ख आठवला.

कैरोहून रात्रभर आगगाडीने प्रवास केला की सकाळी अस्वान येते. बरोबर कुटुंब व धाकटे चिरंजीव होते. येथे नाईलच्या पात्रातून काळसर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे जागोजाग वर आलेले आहेत. लांबून पाहता हत्तींचा कळप पाण्यात बसला आहे असा भास होतो. यासच नाईलचा पहिला धबधबा म्हणतात, परंतु तो खरा धबधबा नव्हे, खडकांतून वाट काढणारा खळाळ होय. येथून खार्तूमपर्यंत असे सहा खळाळ मोजतात. प्राचीन इजिप्तच्या राज्याची परंपरागत दक्षिण सीमा हीच. पात्राच्या मध्यावर एलिफंटाइन नावाचे बेट आहे. त्याचे मूळ नाव 'आबू', आणि त्या भाषेत हा शब्द हत्तीचाही वाचक आहे व हस्तिदंताचाही. सीमेवरच्या ठाण्याने आपले नाव दक्षिणेकडून येणाऱ्या वस्तूवरून घ्यावे, यात पुष्कळ काही आले. पण त्या सकाळी आमचे लक्ष चहाकडे होते.

नदीच्या पश्चिम तीरावर कुब्बेत-एल्-हवा नावाची वाळूची उंच टेकडी आहे. तिच्या कड्यात ठाणेदारांची व सरदारांची थडगी कोरलेली आहेत. पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि आमचे गुडघे आता आमचे ऐकत नाहीत. परंतु हर्खुफ नामक सरदाराच्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर एक पत्र कोरलेले आहे असे वाचले होते, ते पाहिल्यावाचून परत जाणे मनास येईना. हा हर्खुफ इ. स. पूर्वी तेविसाव्या शतकातला. तो दक्षिणेतील याम नावाच्या देशास चार वेळा गेला. पहिल्या खेपेस बापाबरोबर गेला, त्यास सात महिने लागले. दुसऱ्या खेपेस आठ. तिसऱ्या खेपेस परतताना त्याच्यापाशी तीनशे गाढवे भरून धूप, शिसवी लाकूड, हस्तिदंत व चित्त्याबिबळ्यांची कातडी होती, आणि वाटेतील लहान राजांनी त्यास अडवू नये म्हणून यामच्या राजाने आपले सैन्य सोबत दिले होते. चौथ्या खेपेस त्याने एक ठेंगू नर्तक आणला. तेव्हा गादीवर दुसरा पेपी होता, आणि तो वयाने अगदी लहान होता. ही वार्ता ऐकून त्या बालराजाने हर्खुफला पत्र लिहिले. बाकी सर्व सोडून ताबडतोब उत्तरेस ये, त्या नर्तकास सुखरूप आण, नावेत त्याच्या दोहो बाजूंस भरवशाची माणसे ठेव, तो पाण्यात पडू देऊ नकोस, आणि रात्री तो निजला असता दहा वेळा पाहून ये, असा त्या पत्राचा आशय आहे. खाणींतून व पुंत देशातून येणाऱ्या सर्व नजराण्यांहून मला तो नर्तक पाहावयाचा आहे, असेही त्यात आहे. राजा असला तरी तो मूलच होता. हर्खुफला मात्र त्या पत्राचा एवढा अभिमान वाटला की त्याने ते आपल्या थडग्यावर कोरून घेतले. दगड ठिसूळ आहे व अक्षरे झिजली आहेत. आम्हांस ती लिपी येत नाही. तरी आम्ही बराच वेळ त्या भिंतीपुढे उभे होतो.

टेकडीच्या माथ्यावरून दक्षिणेकडे नजर टाकली तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती संस्कृतज्ञ वाचकांस आवडेल म्हणून सांगतो. आपल्याकडे 'दक्षिण' या शब्दाचा अर्थ उजवा असाही आहे, कारण आपले पूर्वज सूर्योदयाकडे तोंड करून दिशा मोजीत. जे पुढे ते पूर्व, जे मागे ते पश्चिम, उजव्या हाताची ती दक्षिण. प्राचीन इजिप्शियन भाषेत मात्र उजवी बाजू व पश्चिम दिशा यांचे शब्द एकाच धातूचे आहेत, तसेच डावी बाजू व पूर्व यांचेही. आता उजव्या हाताला पश्चिम येण्यास मनुष्याने कोणीकडे तोंड करावे? दक्षिणेकडे. म्हणजे ज्या लोकांस आम्ही उत्तरेकडचे ठरवून मोकळे झालो होतो, ते स्वतः मात्र दिशा सांगताना नदीच्या उगमाकडे तोंड करून उभे राहत होते.

दुसरे दिवशी नूबिया संग्रहालयात गेलो. अस्वानपासून दक्षिणेकडे सुदानातील नाईलकाठचा जो दीर्घ पट्टा, तो नूबिया. 1960 ते 1970 या काळात अस्वानचे उंच धरण बांधले गेले आणि त्या पट्ट्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अबू सिंबेलचे देऊळ तुकडे करून वर नेऊन पुन्हा उभे केले, ते सर्व जग पाहावयास जाते, आम्हीही गेलो. परंतु एकट्या इजिप्तमधीलच सुमारे पन्नास हजार नूबियन माणसे 1963-64 साली घरदार सोडून कोम-ओम्बोकडे नेण्यात आली, ती गोष्ट प्रवाशांच्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेली असते. त्या बुडित मुलुखातील वस्तूंचे हे संग्रहालय 1997 साली उघडले. इमारत डोंगरउतारावर गुलाबी दगडाची, साधी व फार सुंदर आहे.

पहिल्याच दालनात आमचे पाय थबकले. काचेमागे मातीची भांडी होती; अंग तांबडे, झिलईदार, आणि तोंडाकडचा भाग काळाभोर. पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या नूबियन लोकांची ही भांडी. भांडे भाजताना तोंड राखेत व जळणात उपडे पुरून ठेवले म्हणजे तेवढ्या भागास वारा लागत नाही व तो काळा राहतो, उरलेला तांबडा होतो. वऱ्हाड-नागपूरकडील वाचकांस ही जोडी ओळखीची वाटेल, कारण जुनापाणी, माहुरझरी इत्यादी ठिकाणच्या शिळावर्तुळांच्या उत्खननांत काळ्या-तांबड्या भांड्यांचे तुकडे निघालेले आहेत. हे साम्य आमच्याच डोळ्यांना दिसले असे नाही. धरणाच्या वेळी जगभरची पथके नूबियात खोदकामास गेली, त्यांत 1961-62 साली आपल्या पुरातत्त्व खात्याचेही एक पथक ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली होते. आफ्येह येथे त्यांनी जुनी वसाहत व शंभरावर थडगी उकरली, आणि लाल यांनीही आपल्या दक्षिणेकडील महापाषाणीय भांड्यांशी त्या भांड्यांची तुलना केली होती. परंतु नूबियातील ही भांडी विदर्भातील भांड्यांहून दोन हजार वर्षांनी जुनी, आणि मध्ये समुद्र. आम्हांस वाटते, हा नात्याचा नव्हे, भट्टीचा गुण असावा. उपडे भाजण्याची युक्ती दोन ठिकाणच्या कुंभारांस वेगवेगळी सुचू शकते. कुटुंबाने मात्र निर्णय दिला की इतके सारखे म्हणजे कोणीतरी कोणाचे पाहिलेच असणार.

संग्रहालयाच्या आवारात नब्ता प्लाया येथून आणलेले लहानसे शिळावर्तुळ मांडले आहे. नब्ता हे स्थळ अबू सिंबेलच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, निर्जल वाळवंटात आहे. परंतु नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतील मोसमी पाऊस आजच्याहून पुष्कळ उत्तरेस सरकत असे. त्या काळी तेथे दर पावसाळ्यात तळे भरे, गवत उगवे, आणि गुरे घेऊन माणसे येत. फ्रेड वेंडॉर्फ या अमेरिकन संशोधकाने 1974 पासून तेथे काम केले. त्यास एका दगडी ढिगाखाली, मातीने लिंपलेल्या व लाकडांनी छावलेल्या खोलीत, एक सबंध गाय पुरलेली सापडली. तिला सुमारे सात हजार वर्षे झाली. म्हणजे पहिल्या पिरॅमिडाच्या आधी अडीच हजार वर्षे. गाय मारून खाल्ली नव्हती, मानाने पुरली होती. पुढे पाऊस हटला, तळे आटले, आणि सहारातील गुराखी हळूहळू नदीच्या आश्रयास आले. इजिप्तच्या हाथोर देवीच्या डोकीवर गाईची शिंगे आहेत. ती कोठून आली याचे उत्तर आता केवळ उत्तरेकडे पाहून देता येत नाही. वर्तुळातील दगडांवरून ते लोक उत्तरायणान्ताचा सूर्योदय पाहत होते असे काही विद्वान म्हणतात, इतरांस ते पटत नाही. गाईबद्दल वाद नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आमची चूक आम्ही एकट्यांनी केलेली नव्हती. फ्लिंडर्स पेट्री यांच्यासारख्या तपस्वी संशोधकास 1895 साली नकादा येथे दोन हजारांवर जुनी थडगी सापडली. त्यांतील काळ्या तोंडाची भांडी पाहून त्यांनी ठरविले की हे लोक इजिप्शियन नव्हेत, बाहेरून आलेला कोणी 'नवीन वंश' असावा. ते लोक इजिप्शियनांचे प्रत्यक्ष पूर्वजच होते, हे झाक द मॉर्गान यांनी लवकरच दाखविले, आणि पेट्री यांनीही पुढे ते मान्य करून त्याच भांड्यांवरून काळाचा क्रम लावण्याची पद्धत काढली. उलट बाजूलाही घाई झालेली आहे. कुस्तुल येथे शिकागोच्या पथकास सापडलेल्या धूपदाणीवर राजचिन्हे पाहून ब्रूस विल्यम्स यांनी 1980 साली मांडले की फॅरो राजांची परंपरा मूळ नूबियात जन्मली. नंतर अबायडोस येथे 1988 साली उकरलेल्या थडग्यात इजिप्तच्या राजत्वाचा व लेखनाचा तितकाच जुना पुरावा निघाला, आणि तो पक्ष मागे पडला. सेनेगलचे शेख अन्ता जोप यांनी 1974 साली कैरोच्या परिषदेत प्राचीन इजिप्शियन हे कृष्णवर्णीय आफ्रिकनच होते असे आवेशाने प्रतिपादिले. त्या देशाचे स्वतःचे नाव 'केमेत', म्हणजे काळी. आमच्या समजुतीप्रमाणे येथे विशेष्य भूमी हे आहे, पुरानंतरची काळी भूमी. परंतु भाषेच्या बाबतीत जोप यांचे लक्ष आफ्रिकेकडे वळलेले होते हे योग्यच होते. प्राचीन इजिप्शियन भाषेत मरणे यास 'म्-व्-त्' असा धातू आहे; नायजेरियाकडील हौसा भाषेत 'मुतू', अरबीत 'मौत', आणि तो अरबी शब्द आपण मराठीतही वापरतो. ही सर्व एका कुळाची भावंडे आहेत. आमचा 'मृ' धातू मात्र त्यांत घुसविण्याचा मोह कोणी धरू नये. तो निराळ्या घरचा.

शरीरशास्त्राचेही तसेच. 2025 साली नुवायरात येथे मोठ्या रांजणात पुरलेल्या, पिरॅमिडकालच्या एका मनुष्याचे आनुवंशिक द्रव्य वाचण्यात आले. त्याचे पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से उत्तर आफ्रिकेतील जुन्या लोकांचे व सुमारे एक हिस्सा मेसोपोटेमियाकडचा निघाला. एका माणसावरून देश ठरत नाही. पण आमच्या खडूच्या रेषेएवढे सरळ काहीच नव्हते हे उघड आहे.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर बाजारात एका सुदानी कॉफीवाल्याच्या दुकानी बसलो. 2023 सालच्या एप्रिलात सुदानात युद्ध पेटले तेव्हापासून तिकडील पुष्कळ मंडळी अस्वानास आली. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. शुभ्र झगा, शुभ्र फेटा, हातात वर्तमानपत्र. चिरंजीवांनी आमचा व्यवसाय सांगितला, तो ते उठून उभे राहिले व छातीस हात लावून 'उस्ताज' म्हणाले. आपल्याकडील उस्ताद तोच. तेही मास्तर निघाले. खार्तूमच्या एका शाळेत अरबी व्याकरण शिकवीत. गाव मूळचे केर्माजवळचे. मोडक्या इंग्रजीत आमचे दोन तास कसे गेले कळले नाही.

केर्मा हे तिसऱ्या खळाळाजवळचे स्थळ. आम्हांस तेथे जावयाचे होते. युद्धामुळे ते राहिले. इ. स. पूर्वी सुमारे 2500 ते 1500 या हजार वर्षांत तेथे कुश राज्याची राजधानी होती. गावाच्या मध्यावर कच्च्या विटांचे एक भरीव देवालय आहे, त्यास देफ्फूफा म्हणतात. साडेतीन हजारांहून अधिक वर्षे झाली तरी ते अजून अठरा मीटर उंच उभे आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावर चढत असू आणि आजी खालून ओरडे, असे उस्ताज म्हणाले. पूर्वेच्या स्मशानात राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील मोठ्यांचा व्यास नव्वद मीटर. एका समाधीपुढे गाईबैलांची चार हजारांहून अधिक कवटी अर्धचंद्राकार मांडलेली आढळली. काही समाध्यांत राजाबरोबर शेकडो माणसे पुरलेली होती, हेही लपवून चालणार नाही. 1913 ते 1916 या काळात जॉर्ज राइझनर यांनी तेथे खोदकाम केले. एका समाधीत त्यांस इजिप्तचा सरदार हेप्जेफा व त्याची पत्नी यांचे दगडी पुतळे मिळाले. एवढ्यावरून त्यांनी ठरविले की ही समाधी त्या सरदाराचीच, आणि केर्मा म्हणजे इजिप्तच्या सुभेदाराचे ठाणे. एवढे वैभव तेथल्या लोकांचे असणे त्यांस शक्यच वाटले नाही. खरी गोष्ट उलट होती. ते पुतळे पुढील काळात केर्माकडे आले. कुशच्या सैन्याने इजिप्तवर स्वारी केली होती, हे एल्-काब येथील एका थडग्यात 2003 साली उजेडात आलेल्या लेखावरून समजले, तेव्हा त्यांची वाट कळली. लुटीचा माल पाहून लुटणाऱ्यासच चाकर ठरविण्याचा हा प्रकार. जिनीव्हाचे शार्ल बोने यांनी 1970 नंतर कित्येक दशके तेथे राहून नगर, राजवाडा, देवळे, तटबंदी उकलून दाखविली, आणि केर्मा हे स्वतंत्र आफ्रिकन राज्य होते यात संशय उरला नाही.

पुढे इजिप्तने कुश जिंकले व सुमारे पाच शतके राखले. नंतर वारे फिरले. इ. स. पूर्वी 728 च्या सुमारास कुशचा राजा पिये याने उत्तरेस जाऊन सबंध इजिप्त नमविला. त्याचा लेख जबल बार्कल येथे 1862 साली सापडला, तो आमच्या वाचकांस विलक्षण ओळखीचा वाटेल. हर्मोपोलिस शहर पडल्यावर पिये तबेल्यातही गेला, आणि वेढ्यात घोडे उपाशी राहिले हे पाहून पराभूत राजावर इतर सर्व अपराधांहून त्यासाठी अधिक संतापला. शेवटी उत्तरेचे चार राजे शरण आले. त्यांपैकी तिघांस राजवाड्यात प्रवेश मिळाला नाही, कारण ते मासे खाणारे होते व त्यांची सुंता झालेली नव्हती. एकटा सोवळ्याचा होता, तो आत गेला. इजिप्तचा धर्म इजिप्शियनांपेक्षा कुशच्या लोकांनी अधिक कडकपणे पाळला. पियेचा भाऊ शबाको याने किड्यांनी खाल्लेली एक जुनी पोथी मिळाली असे सांगून तिचा मजकूर काळ्या शिळेवर उतरवून घेतला. ती जुनी पोथी बनावट असावी असे काही पंडित म्हणतात. नव्या ग्रंथास जुना ऋषी चिकटविण्याची चाल आपल्यालाही परकी नाही. पुढे कोणी त्या शिळेचे जाते केले, आणि मधली अक्षरे दळली गेली.

2003 साली केर्माजवळ एका खड्ड्यात बोने यांस याच वंशाच्या व त्यानंतरच्या राजांचे सात पुतळे फोडून पुरलेले सापडले; त्यांत तहार्को होता. ते सांधून तेथल्याच संग्रहालयात उभे केले. उस्ताजांनी आपल्या विद्यार्थ्यांस ते दाखविले होते. खार्तूमच्या राष्ट्रीय संग्रहालयाची गोष्ट त्यांनी फार सांगितली नाही. युद्धात ते लुटले गेले. सोन्याच्या दालनातील वस्तू गेल्या, मोठे दगड उचलता न आल्याने राहिले.

कॉफीस आल्याचा उग्र वास होता. दुसरा पेला भरताना त्यांनी विचारले, "तुमच्या शाळांत आमच्याविषयी काय शिकवतात?"

खोटे सांगता आले असते. शिष्टाचारासाठी पुष्कळ वेळा सांगतो तसे काही गोड बोलता आले असते. आम्ही त्यांस फळा, खडू, गर्द भरलेला कोपरा व खालची कोरी जागा, सर्व सांगितले. मागल्या बाकावरच्या मुलाचा प्रश्नही सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. मग आमची वही मागून घेतली, पेन्सिलीने तळापासून नदी काढावयास सुरुवात केली, तिचे ते मोठे नागमोडी वळण काढले, सहा खळाळांवर सहा आडव्या रेघा मारल्या, आणि एकेक नाव अरबीत लिहून आम्हांकडून ते नागरीत लिहवून घेतले. मेरोवे. नापाता. केर्मा. साई. फरास. कुस्तुल. आमचे 'केर्मा' त्यांस पसंत पडले नाही, उच्चारात कमी पडते म्हणून दोनदा खोडविले. अस्वानपर्यंत आल्यावर त्यांनी वही परत दिली. वरचे तुम्हांस येतेच, असे म्हणाले.

कॉफीचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.